एन्टेबेहून माबांबा: शूबिलची एक दिवसाची सहल कशी घ्यावी

युगांडात एन्टेबे विमानतळावर उतरणाऱ्या पक्षीवेड्यांना जवळपास प्रत्येक टूरवाला पहिल्या दिवसासाठी एकच जोडी सुचवतो: सकाळी माबांबाची दलदल, दुपारनंतर एन्टेबेची वनस्पती बाग. जोडी अगदी योग्य आहे. मुक्काम न हलवता एका दिवसात पपायरसचं पाणथळ आणि सरोवराकाठची जुनी झाडी, दोन्ही पाहून होतात. शिवाय शूबिल हा अवाढव्य चोचीचा पाणथळातला पक्षी दिसण्याची इथल्याइतकी चांगली शक्यता आफ्रिकेत फार थोड्या जागी आहे. तरीही या सहलीवरून हिरमुसून परतणारे कमी नाहीत, आणि दोष बहुतेक वेळा पक्ष्याचा नसतो. निघायला झालेला उशीर, चुकीची होडी किंवा घाईतला गाईड यांपैकी काहीतरी आडवं आलेलं असतं. म्हणून पैसे भरण्याआधी काय विचारायचं आणि तिथे काय पाहायचं, ते इथे तपशिलात लिहिलं आहे.

माबांबा हा व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावरचा, एन्टेबेच्या पश्चिमेला असलेला उपसागर. क्षेत्र 2,424 हेक्टर, आणि 2006 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत. बहुतेक भाग पपायरसने भरलेला. आपल्या शेतात उपद्रव देणारा नागरमोथा आणि हा पपायरस एकाच कुळातले भाऊबंद, फक्त हा चार-पाच मीटर उंच वाढतो. त्याची गुंतलेली मुळं पाण्यावर तरंगणारी गादी तयार करतात, आणि अशा गाद्यांमधल्या अरुंद पाणवाटांतून होडी जाते. वाऱ्याने गाद्या सरकतात. काल मोकळी असलेली वाट आज बंद असू शकते. त्यामुळे नकाशाचा उपयोग फारसा नाही, आणि रोज त्या पाण्यात असणाऱ्या नावाड्याला पर्याय नाही.

आमच्या मते या सहलीत पैसे मोजायचे ते मुख्यतः या नावाड्यासाठी. माबांबाचे बरेच नावाडी मूळचे मासेमार. होडीसमोर शूबिल आला तर त्या दिवशी जाळ्यात मासा लागत नाही, अशी तिथल्या कोळ्यांची जुनी समजूत होती आणि त्यापायी पक्षी मारलेही जात. आज तोच पक्षी त्यांच्या घरच्या उत्पन्नाचा आधार आहे. शूबिल काल कुठल्या वाटेवर उभा होता, कुठून उडाला, कुठे उतरला, हे त्यांना एकमेकांकडून कळत असतं. एन्टेबेहून सोबत आलेला गाईड कितीही जाणकार असला तरी ही खबर त्याच्याकडे नसते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: होडीवर स्थानिक नावाडी आणि स्थानिक गाईड आहेत का, की टूरवाला स्वतःच्या माणसावर भागवतो?

शूबिल कुठे सापडतो हे कळायला त्याचं खाणं कळायला हवं. त्याचं आवडतं भक्ष्य म्हणजे फुप्फुसमासा, लुगांडा भाषेत ‘म्माम्बा’. हा मासा हवेत श्वास घेतो, त्यामुळे त्याला पृष्ठभागावर यावंच लागतं. शूबिल तेवढ्याचीच वाट पाहत उथळ पाण्याच्या कडेला, तरंगत्या वनस्पतींवर उभा राहतो. सव्वा मीटरच्या आसपास उंची, अंगावर राखी-निळसर पिसं, आणि खडावा उलटी करून चेहऱ्यावर बसवावी तशी चोच. ही चोच छातीला टेकवून तो तासभरही हलत नाही. मग अचानक सगळं अंग पुढे झोकून देतो. मासा, पाणवनस्पती, चिखल, सगळं एका घासात चोचीत येतं. त्यानंतर तो चोच हलवत कचरा बाहेर टाकतो, धारदार कडांनी माशाचं डोकं उडवतो आणि मग गिळतो. झेप क्षणात संपते, त्याआधीची प्रतीक्षा मात्र लांबलचक असते. म्हणून ‘दिसला, फोटो काढला, चला’ असा कार्यक्रम आखणारी सहल घेऊ नये. पक्षी सापडल्यावर किमान पाऊण तास तिथे थांबायची तयारी हवी, आणि ती आधीच ठरवून घ्यायला हवी.

माबांबाला जायचे तीन मार्ग आहेत, आणि टूरवाल्याने कोणता निवडला यावरून त्याची पारख होते. पहिला: एन्टेबेच्या नाकिवोगो धक्क्यावरून सरकारी फेरीबोटीने, गाडीसकट, पलीकडे बुवायाला जायचं आणि तिथून मातीच्या रस्त्याने माबांबाच्या धक्क्यावर. सगळं जुळलं तर तासाभरात काम होतं. फेरीला पैसे पडत नाहीत, पण एक फेरी चुकली तर पुढचीची वाट पाहण्यात सकाळची सर्वांत चांगली वेळ जाते. दुसरा: कंपालाच्या बाजूने जमिनीवरून वळसा घालून. याला दीड-दोन तास धरा, आणि शहराच्या वाहतुकीत अडकलात तर जास्त. मुक्काम कंपालात असेल तर हाच सोयीचा, एन्टेबेत असेल तर फेरीच बरी. तिसरा: एन्टेबेहून थेट मोटरबोटीने. ऐकायला छान वाटतो, पण मोकळ्या सरोवरात वारा सुटला की पाणी अंगावर येतं, कॅमेरे भिजतात, आणि परतीच्या वेळी दुपारचा वारा हमखास अधिक असतो. या बोटीने गेलात तरी दलदलीत शिरताना लहान होडीत बदलायला मिळेल ना, हे विचारून ठेवा. मोठी बोट अरुंद वाटांत शिरतच नाही.

विषुववृत्त अगदी जवळ असल्याने सूर्योदय वर्षभर साडेसहा ते सातच्या दरम्यानच होतो. हॉटेलातून सहाला निघणं, पहिली फेरी गाठणं आणि आठच्या आत होडीत बसणं, असं वेळापत्रक असायला हवं. भारतातून ताज्या आलेल्यांना हे सोपं जातं, कारण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं आणि पहाटे पाचला शरीराच्या हिशेबाने साडेसात वाजलेले असतात. ‘नाश्ता करून साडेआठला निघू’ म्हणणाऱ्या टूरवाल्याला सरळ नकार द्यावा. दहानंतर पाण्यावरून उन्हाची झळ उठते, लांब भिंगातून पाहिलेला पक्षी थरथरतो, फोटो मऊ येतात, आणि तोवर इतर होड्याही त्याच जागी गोळा झालेल्या असतात.

होडीबद्दल थोडं सविस्तर. माबांबाच्या होड्या लाकडी, लांबट आणि अरुंद. नावाडी धरून तीन पाहुणे आणि गाईड एवढेच नीट बसतात. चौथा पाहुणा घेतला की कुणीतरी कुणाच्या तरी पाठीमागून पाहत बसतो, आणि होडीही खोल बुडाल्याने उथळ वाटेत रुतते. भाडं सहसा माणशी नसून होडीमागे असतं, त्यामुळे गर्दी करण्यात टूरवाल्याचाच फायदा होतो. सहा जणांचा गट असेल तर दोन होड्या लेखी ठरवून घ्या. इंजिन असेल तर धक्क्यापासून दलदलीच्या तोंडापर्यंत ठीक, पण आतल्या वाटांत ते बंद करून बांबू किंवा वल्ह्यानेच होडी ढकलली पाहिजे. आवाजाचा प्रश्न आहेच, शिवाय पंखा पाणवनस्पतींत गुंतला की पंधरा मिनिटं तो सोडवण्यात जातात. लाइफ जॅकेट सगळ्यांना हवं, आणि बसल्यावर त्याचे पट्टे खरोखर आवळा.

पक्ष्याजवळ किती जायचं? आमचा नियम तीस मीटरचा. चोच खाली आणि नजर पाण्यात असेल तर तो शिकारीत आहे. होडी थांबवा आणि बोलणं बंद करा. मान ताठ करून तो होडीकडेच पाहू लागला तर तुम्ही जास्त पुढे आलात. वल्हं उलटं मारायला सांगा. उडालेला शूबिल काही अंतरावर पुन्हा उतरतो खरा, पण हेरलेली जागा आणि तासाभराची प्रतीक्षा वाया जाते. त्याला दुसऱ्यांदा गाठायला होडी मागे लावणं हा निव्वळ त्रास देणं आहे. जगात हे पक्षी फार तर काही हजार उरलेत आणि ‘असुरक्षित’ वर्गात मोडतात. भिगवणला रोहित पक्ष्यांच्या थव्यात होडी घुसवून ते उडवण्याचा आग्रह धरणारे पाहुणे असतात. तसा आग्रह इथे कुणी धरला तर गाईडने ठाम राहिलं पाहिजे, आणि तो ठाम राहिला तर त्याला वरकड बक्षीस द्यायला हरकत नाही. एका पक्ष्याभोवती आधीच तीन-चार होड्या असतील तर थोडं लांब थांबून त्या हटण्याची वाट पाहणारा नावाडी चांगला, घुसणारा नव्हे.

‘शूबिलची शंभर टक्के हमी’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. शक्यता चांगली असते, हमी कुणीच देऊ शकत नाही. न दिसण्याची कारणं ठरलेली: रात्रीच्या पावसानंतर वाढलेलं पाणी, वाऱ्याने बंद झालेल्या वाटा, किंवा पक्षी आतल्या भागात उतरलेला असणं. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पावसाचे महिने. सहल तेव्हाही होते, पण लाल मातीचा रस्ता निसरडा होतो, आणि साधी गाडी असेल तर वेळापत्रक कोलमडतं. या महिन्यांत चारही चाकांना जोर देणारी गाडी मागून घ्या. दिवस वाया जाऊ नये म्हणून एक साधी युक्ती: ही सहल युगांडाच्या मुक्कामाच्या पहिल्या दिवशी ठेवा, म्हणजे शूबिल चुकला तर शेवटच्या दिवशी दुसरी सकाळ हाताशी राहते.

शूबिलच्या नादात बाकीची दलदल दुर्लक्षित राहते, आणि इथेच चांगला गाईड वेगळा ठरतो. आफ्रिकी कमळपक्षी सगळीकडे असतो, पण त्याच पानांवर चालणारा चिमुकला कमळपक्षी सांगितल्याशिवाय दिसत नाही. लांब बोटांची टिटवी कमळपक्ष्यासारखीच तरंगत्या पानांवरून चालते. टिटवी म्हटल्यावर माळरान डोळ्यांपुढे येणाऱ्या आपल्या माणसांना हे पाहून गंमत वाटते. मॅलकाइट खंड्या, निळ्या छातीचा वेडा राघू, आपल्या ढोकरीचा भाऊ शोभणारा स्क्वॅको बगळा, जांभळा बगळा, आणि नशिबात असेल तर जगातला सर्वांत मोठा गोलायथ बगळा. आपल्या काणूक बदकाची आफ्रिकी बहीण कमळांच्या पानांत बसते. पपायरसच्या आत पपायरस गोनोलेक हा आपल्या खाटीक पक्ष्यासारखा पक्षी असतो: काळी पाठ, लालभडक पोट, सोनेरी डोकं, पंखावर पांढरा पट्टा. आधी त्याची शीळ कानावर येते, पक्षी मागाहून दिसतो किंवा दिसतच नाही. आवाजाची रेकॉर्डिंग वारंवार वाजवून त्याला बाहेर काढणारा गाईड नको. एप्रिल ते सप्टेंबर या काळात गेलात तर पाण्यावरून उडणाऱ्या पाकोळ्या नीट तपासा. दक्षिणेकडे वीण करून इथे येणारी, गर्द निळी, लांब शेपटीची नीलपाकोळी माबांबाच्या महत्त्वाच्या पक्ष्यांपैकी एक आहे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये गेलात तर उत्तरेकडून आलेले सुरय आणि पिवळे धोबी भेटतील, आपल्या उजनीवर येतात तसेच.

सामानाचं गणित होडीवरून ठरवा. दुर्बीण 8×42 पुरते. 10 पटीची होडीत हलते. टेलिस्कोप आणि ट्रायपॉड गाडीतच ठेवा, होडीत त्यांना ना जागा ना उपयोग. कॅमेऱ्याला 400 ते 500 मिमीचं भिंग पुरेसं, आणि ट्रायपॉडऐवजी होडीच्या काठावर ठेवायला तांदूळ-डाळ भरायची रिकामी कापडी पिशवी घरून न्या. शटर एक हजारांश सेकंदावर ठेवा, कारण झेप कधी पडेल सांगता येत नाही आणि ती पडल्यावर सेटिंग बदलायला वेळ नसतो. पाण्याचा चकाकता पट मागे असेल तर हा राखी पक्षी काळा येतो; एक्स्पोजर थोडं वाढवून घ्या. पावसासाठी जाड प्लास्टिकची पिशवी, उन्हासाठी लांब बाह्यांचा सदरा आणि कानही झाकणारी टोपी हवी. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर, विषुववृत्ताजवळचं ऊन ढगाळ दिवशीही भाजतं. पाण्यात हातपाय सोडून बसू नका. व्हिक्टोरिया सरोवरात बिलहार्झिया या आजाराचे कृमी आहेत आणि ते त्वचेतून शिरतात.

दुपारचं जेवण बहुतेक सहलींत डब्यातून किंवा एन्टेबेत परतल्यावर असतं. शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही: मातोके म्हणजे उकडून कुस्करलेली हिरवी केळी, शेंगदाण्याची आमटी आणि घेवड्याची उसळ सर्वत्र मिळते. भारतीयांबरोबर पूर्व आफ्रिकेत गेलेली चपाती आता तिथलीच झाली आहे. अंडं चालत असेल तर ऑम्लेट गुंडाळलेली चपाती, म्हणजे ‘रोलेक्स’, गरम तव्यावरून घ्या. फेरीच्या रांगेत खायला ती उत्तम.

आता बाग. बहुतेक टूरवाले तिला ‘वेळ उरला तर’ म्हणून तासभर देतात. ही या सहलीतली आम्हाला सर्वांत खटकणारी गोष्ट. एन्टेबेची वनस्पती बाग 1898 मधली, ब्रिटिशांनी रबर, कोको, कॉफीसारखी परकी पिकं लावून पाहण्यासाठी उभी केलेली. सुमारे चाळीस हेक्टर जागेत हिरवळ, जुने महावृक्ष, वेलींनी गुंतलेला मूळ जंगलाचा तुकडा आणि खाली थेट सरोवराचा काठ, असं सगळं पायी फिरण्याच्या अंतरात आहे. तिला तीन तास हवेत: साडेतीनला शिरा आणि साडेसहापर्यंत थांबा. भर दुपारी बारा-एकला आत सोडणारी सहल म्हणजे पक्षी झोपलेले असताना बाग दाखवणं.

सुरुवात उंच झाडांपासून करा. मोठा निळा तुराको, पाऊण मीटर लांबीचा, फांद्यांवरून खारीसारखा पळतो. त्याच्यापेक्षा लहान, जांभळा, पिवळ्या चोचीचा आणि लाल तुऱ्याचा रॉस तुराको उडाला की पंखातला लाल रंग झळकतो. पक्ष्यांच्या पिसांतले कितीतरी रंग प्रकाशाच्या खेळाने दिसतात, पण तुराकोचा हा लाल रंग खराखुरा, तांबं असलेलं रंगद्रव्य आहे. काळे-पांढरे मोठे धनेश इथे माणसांना सरावलेले असून फळझाडांवर अगदी खाली येतात. कोकणात धनेशासाठी मान मोडेपर्यंत वर पाहणाऱ्यांना एवढ्या जवळून पाहण्याची संधी दवडू नये असं वाटेल. तेलताडाच्या झाडांवर ताडफळ गिधाड शोधा. गिधाड असून त्याचं मुख्य खाणं ताडाची फळं. करडे पोपट शिट्ट्या मारत वरून जातात. पिंजऱ्यांसाठीच्या व्यापाराने संकटात आलेल्या या पक्ष्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2017 पासून ‘साइटीस’ या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टाखाली बंद आहे, आणि इथे तो मोकळा उडताना दिसतो.

मग काठाला उतरा. सुगरणींची ओळख पटवायला ही जागा शाळेसारखी आहे, कारण चार-पाच जाती एकाच पट्ट्यात घरटी बांधतात. संपूर्ण काळी आणि पिवळ्या डोळ्याची ती व्हिएलोची काळी सुगरण. डोकं काळं, डोळा लाल आणि पोट तांबूस असेल तर जॅक्सनची. लहान चण, बारीक चोच आणि काळा मुखवटा असेल तर बारीकचोची. मुखवटा नसलेली, केशरी झाक मारणारी ती नारिंगी सुगरण, आणि ती पाहायलाच लोक खास या काठावर येतात. हे वर्णन नरांचं; माद्यांच्या मागे पहिल्या दिवशी लागू नका. काळ्या डोक्याचा गोनोलेक झुडपांत असतो, सकाळच्या पपायरस गोनोलेकसारखाच लाल-काळा, पण डोक्यावर सोनं आणि पंखावर पट्टा नसलेला. हॅमरकॉपचं घरटंही विचारून घ्या: काटक्यांचं, छप्पर असलेलं, दीड मीटरपर्यंत रुंद. एवढ्याशा तपकिरी पक्ष्याने ते बांधलं यावर पटकन विश्वास बसत नाही. काठावर कधीकधी सरोवरमाश्यांचे धुरासारखे ढग येतात. त्या चावत नाहीत, पण तोंड-नाक झाकायला रुमाल जवळ ठेवा.

बागेतल्या माकडांपासून जेवणाचा डबा सांभाळा. झाडं बऱ्याच ठिकाणी नावांच्या पाट्यांविना आहेत. वनस्पतींची आवड असेल तर बागेतलाच गाईड वेगळा घ्यावा, पक्ष्यांचा गाईड तिथे कमी पडतो.

दर ठरवताना एकच आकडा ऐकून हो म्हणू नका. गाडी, होडी, स्थानिक गाईड, माबांबाचं आणि बागेचं प्रवेशशुल्क, पाणी, जेवण, यांतलं काय धरलं आहे ते एकेक विचारा. स्वस्त दिसणाऱ्या सहलीत होडी बहुतेकदा बाहेर ठेवलेली असते आणि धक्क्यावर गेल्यावर पैसे मागितले जातात. गटात तिघं असलात तर माणशी खर्च सर्वांत नीट बसतो, कारण एक गाडी आणि एक होडी पुरी भरते. नावाड्याचं बक्षीस थेट त्याच्या हातात, शिलिंगमध्ये द्या. डॉलर नेत असाल तर नव्या मालिकेच्या, न दुमडलेल्या नोटा घ्या. जुन्या आणि लहान नोटांना कमी भाव मिळतो किंवा त्या नाकारल्या जातात. दोन्ही जागा पूर्ण वेळ दिल्यास चांगल्या दिवशी यादी शंभर जातींच्या पुढे जाते.

भारतातून जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्यावी, आणि मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. लसीचं पिवळं कार्ड युगांडात शिरताना लागतंच, पण परत येतानाही मुंबईला ते मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड चेक-इन केलेल्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टसोबत हातातच ठेवा.